वय निघून जातं, फॉर्म राहून जातो: बेलपाड्यात बसून कलेचे कार्यक्रम आणि कलेसाठीचे पैसे कसे शोधायचे

(या भागाचं शब्दांकन. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी भाषा बोलण्याचीच ठेवली आहे.)

इयरफोन लावलेत? मेट्रोत असाल तर कोपरा पकडा, कारण आज थोडं हिशेबाचं बोलायचं आहे.

मागच्या भागानंतर एका श्रोतीची व्हॉइस नोट आली. ती बेलपाड्यात राहते. नऊ वर्षं भरतनाट्यम शिकली, सध्या नोकरी करून संध्याकाळी लहान मुलींचे क्लास घेते. तिला कुणीतरी सांगितलं की केंद्र सरकारची तरुण कलाकारांसाठी शिष्यवृत्ती असते. तिने शोधलं, नियम वाचले आणि कळलं की वयाची मर्यादा पंचवीस. तिला पंचवीस पूर्ण होऊन दोन महिने झाले होते. तिचं शेवटचं वाक्य असं होतं: "नाकारलं असतं तर एवढं वाटलं नसतं, मी तर अर्जच केला नाही."

हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. म्हणून आजचा भाग. कलेसाठी पैसा नाही, असं आपण सहज म्हणतो. पैसा कमीच आहे, ते खरं. पण जो आहे, तोसुद्धा आपल्यापर्यंत येत नाही, आणि त्याची कारणं फार साधी असतात. वय निघून गेलेलं असतं, किंवा कागद नसतो.

आधी बघायला जा

पैशाच्या आधी बघण्याबद्दल बोलू. कारण अर्ज करणाऱ्याने इतरांचं काम पाहिलेलं नसेल तर ते अर्जात लगेच दिसतं.

बेलपाडा म्हणजे खारघरमधलं जुनं गाव, भोवती सिडकोचे सेक्टर. १७ नोव्हेंबर २०२३ ला नवी मुंबई मेट्रो सुरू झाली आणि गावाचं नाव स्टेशनच्या पाटीवर आलं. तिथून दोन स्टेशनं गेलं की सीबीडी बेलापूर. बेलापूरला सिडकोचं अर्बन हाट आहे, तिथे हस्तकला आणि हातमागाची प्रदर्शनं भरतात. हार्बर लाइनने उलट्या बाजूला गेलात तर पनवेल, आणि तिथे महापालिकेचं आद्य क्रांतिवीर वासुदेव बळवंत फडके नाट्यगृह. फडके आपल्या पनवेल तालुक्यातल्या शिरढोणचे, म्हणून त्यांचं नाव. याच नाट्यगृहात अटल करंडक ही राज्यस्तरीय एकांकिका स्पर्धा होते. महाराष्ट्रभरातल्या कॉलेजांच्या आणि हौशी संघांच्या एकांकिका आपल्या दारात येतात आणि आपण त्या दिवशी मॉलमध्ये असतो!

चित्रं बघायची तर मात्र गाडी सीएसएमटीची. खारघरहून सव्वा तास धरा, तिथून चालत काळा घोडा. जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ पासून तिथे उभी आहे, आत जायला पैसे लागत नाहीत. समोर रस्ता ओलांडला की राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय, १९९६ पासूनचं. जहांगीरच्या बाहेर फुटपाथवर चित्रं मांडून बसणारे कलाकार असतात, त्यांच्याशीही बोला. चित्र विकायचं कसं, गिऱ्हाईक काय विचारतं, हे तिथे जितकं कळतं तितकं कुठल्या रीलमध्ये कळत नाही. जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला काळा घोडा कला महोत्सव असतो, १९९९ मध्ये सुरू झालेला, प्रवेश विनामूल्य. गर्दी चुकवायची असेल तर कामाच्या दिवशी दुपारी जा.

एक सवय लावून घ्या. कुठलंही प्रदर्शन पाहिलं की तिथला माहितीपत्रकाचा किंवा भिंतीवरच्या मजकुराचा फोटो काढा. कलाकाराच्या परिचयात शेवटी लिहिलेलं असतं की त्याला कुठली शिष्यवृत्ती मिळाली, कुठल्या प्रदर्शनात निवड झाली. ती यादी म्हणजे तुमच्यासाठी नकाशा आहे. तुमच्यासारखंच काम करणाऱ्या माणसाला पैसे कुणी दिले, ते तिथे छापलेलं असतं.

एकच घर, पाच वयं

आता पैसे. योजनांची नावं पाठ करण्यापेक्षा एक घर डोळ्यांसमोर आणा. घरात बारा वर्षांची बहीण, बावीस वर्षांचे तुम्ही, तिशीतला दादा, पंचेचाळीसची आई आणि साठीचे आजोबा. प्रत्येकाच्या वयाला एक दार आहे.

बहिणीपासून सुरू करू. केंद्र सरकारची सीसीआरटी नावाची संस्था आहे. ती १० ते १४ वयोगटातल्या शाळकरी मुलांना सांस्कृतिक प्रतिभा शोध शिष्यवृत्ती देते. वर्षाला ३,६०० रुपये. रक्कम लहान आहे, पण नूतनीकरण होत ती मूल वीस वर्षांचं होईपर्यंत चालू राहू शकते, आणि त्या वयात हातात आलेला सरकारी कागद पुढच्या प्रत्येक अर्जात उपयोगी पडतो. एकूण ६५० शिष्यवृत्त्या. त्यातल्या १२५ पारंपरिक प्रयोगकला जपणाऱ्या घरांतल्या मुलांसाठी आणि १०० आदिवासी संस्कृतीसाठी राखीव असतात. खारघरच्या डोंगरावरच्या वाड्यांतल्या मुलांना शिकवणारं कुणी ऐकत असेल तर हे वाक्य परत ऐका.

मग तुम्ही. १८ ते २५. सांस्कृतिक मंत्रालयाची तरुण कलाकारांसाठीची शिष्यवृत्ती. महिना ५,००० रुपये, दोन वर्षं. म्हणजे १,२०,००० रुपये, सहा-सहा महिन्यांच्या चार हप्त्यांत. देशभरात ४०० जणांना मिळते. शास्त्रीय गायन-वादन, नृत्य, नाटक, मूकाभिनय, दृश्यकला, लोककला आणि सुगम शास्त्रीय संगीत असे विभाग असतात. अट अशी की गुरूकडे किंवा संस्थेत किमान पाच वर्षं शिक्षण झालेलं हवं. म्हणजे विसाव्या वर्षी तबला शिकायला बसलात तर खिडकी उघडायला आणि बंद व्हायला एकच वेळ येते. ही तारीख आजच कॅलेंडरमध्ये टाका. 'माझा पंचविसावा वाढदिवस' असं नाही, त्याच्या दोन वर्षं आधीचं रिमाइंडर लावा.

दादा. २५ ते ४० या वयात कनिष्ठ फेलोशिप, महिना १०,००० रुपये, दोन वर्षं. आणि चाळिशीनंतर आईसाठी वरिष्ठ फेलोशिप, महिना २०,०००, तीही दोन वर्षं. यात फरक असा की इथे 'मी शिकतोय' एवढं पुरत नाही. संशोधनाचा प्रकल्प मांडावा लागतो. एखादा प्रश्न घ्यायचा, दोन वर्षं त्यावर काम करायचं आणि शेवटी अहवाल द्यायचा. मंचावरच्या सादरीकरणाशी जोडलेलं संशोधनही चालतं. आपल्या श्रोतीला मी हेच सांगितलं, की एक दार बंद झालं त्याच दिवशी शेजारचं उघडलं आहे, फक्त तिथे जाताना नाचाबरोबर प्रश्नही घेऊन जावा लागेल.

राहिले आजोबा. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत मानधन सन्मान योजना आहे. वय पन्नासच्या पुढे, कलाक्षेत्रात निदान पंधरा वर्षांचं काम, उत्पन्नाची मर्यादा, आणि उपजीविका कलेवर अवलंबून असल्याची अट. २०२४ पासून महिना ५,००० रुपये. भजनी मंडळातला पखवाजवादक, तमाशातला ढोलकीवाला, शाहीर, कीर्तनकार अशा लोकांसाठी ही योजना आहे. यातली उपजीविकेची अट अनेकांना बाहेर ठेवते. शेती किंवा मजुरी करून गाणारा माणूस आयुष्यभर गायला तरी कागदावर 'कलावंत' ठरत नाही. मला ही अट पटत नाही. पण जे बसतात, त्यातलेही बरेच जण दुसऱ्याच कारणाने अडकतात. त्यांच्याकडे आपण कलाकार असल्याचा पुरावा नसतो.

या सगळ्या योजनांची जाहिरात निघते तेव्हा त्या वर्षीचे नियम आधी वाचायचे. शिक्षणाची अट, वयाची मोजणी कुठल्या तारखेला, कागद कुठले, हे तिथेच बघायचं. कुणी फॉरवर्ड केलेल्या जुन्या पीडीएफवर विसंबू नका.

सरकारच्या बाहेर

बंगळुरूत इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स ही खाजगी, ना-नफा संस्था आहे. १९९३ ला स्थापन झाली, १९९५ पासून अनुदानं देते. कलासंशोधन आणि कलासर्जन यांसाठी त्यांच्याकडे प्रस्ताव पाठवता येतो. महत्त्वाचं म्हणजे प्रस्ताव कुठल्याही भारतीय भाषेत लिहिला तरी चालतो. मराठीत! "माझं इंग्रजी कच्चं आहे" हे कारण इथे संपलं.

चित्रकारांसाठी प्रदर्शनाची दारं वेगळी. बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ पासून आहे, तिचं वार्षिक प्रदर्शन असतं आणि बक्षिसं असतात. अमृता शेरगिलला १९३७ मध्ये याच सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं होतं, तेव्हा तिचं वय चोवीस. राज्याचं कला संचालनालय महाराष्ट्र राज्य कला प्रदर्शन भरवतं, त्यात विद्यार्थ्यांचा आणि व्यावसायिक कलाकारांचा असे वेगळे विभाग असतात. जहांगीरमध्ये स्वतःचं प्रदर्शन हवं असेल तर अर्ज आत्ता करा आणि विसरून कामाला लागा, कारण तिथली प्रतीक्षायादी काही वर्षांची असते. पंचविशीत केलेल्या अर्जाचं प्रदर्शन तिशीकडे झुकताना होतं.

हस्तकला करणाऱ्यांनी, म्हणजे बांबू, माती, भरतकाम, विणकाम करणाऱ्यांनी, केंद्राच्या हस्तशिल्प आयुक्त कार्यालयाचं 'पहचान' ओळखपत्र काढून घ्यावं. सरकारी मेळ्यांत स्टॉल मागताना ते लागतं.

नाटकवाल्यांसाठी सांस्कृतिक कार्य संचालनालयाची हौशी मराठी नाट्य स्पर्धा आहे. पण तिथे संस्था म्हणून उतरावं लागतं. महोत्सव आणि निर्मितीसाठी केंद्राकडून मिळणारं मोठं अनुदानही नोंदणीकृत संस्थेलाच मिळतं, एकट्या माणसाला नाही. म्हणून पाच-सहा मित्र मिळून तालीम करत असाल तर कधीतरी बसून संस्थेच्या नोंदणीचा विचार करा. धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात जायचा कंटाळा येतो, मान्य. पण पुढची दहा वर्षं त्या एका नोंदणीवर चालतात.

फोनमधलं फोल्डर

आता आजच्या भागाचा गाभा. अर्ज वाचणाऱ्या समितीने तुम्हाला नाचताना, गाताना पाहिलेलं नसतं. त्यांच्यासमोर फक्त फाइल असते. आपला गुण फाइलमध्ये दिसला नाही तर तो त्यांच्यासाठी नाहीच.

मुंबईच्या कलाजगतात के. एच. आरा नावाचे चित्रकार होऊन गेले. गाड्या धुवून पोट भरत होते. टाइम्स ऑफ इंडियाचे कलासमीक्षक रुडी फॉन लायडन यांच्या नजरेला त्यांची चित्रं पडली आणि दिशा बदलली. १९४७ ला हुसेन, रझा, सूझा यांच्याबरोबर प्रोग्रेसिव्ह ग्रुप स्थापन करणाऱ्यांत आरा होते. आपल्या प्रत्येकाला असा लायडन भेटेलच असं नाही. पण फोन प्रत्येकाकडे आहे.

फोनमध्ये 'कला' नावाचं एक फोल्डर करा आणि ड्राइव्हवर त्याची प्रत ठेवा. त्यात काय?

चित्रांचे फोटो. फ्लॅश बंद. सकाळी सावलीतल्या उजेडात चित्र भिंतीला टेकवा, फोन चित्राच्या मध्यावर आणि अगदी समांतर धरा, चारही कडा दिसू द्या. काच असेल तर काढा. फाइलच्या नावात शीर्षक, माध्यम, माप आणि वर्ष लिहा. माझ्या ओळखीच्या एका मुलाचं काम एका निवडीत मागे पडलं, कारण प्रत्येक फोटोत ट्यूबलाइटची पांढरी रेघ होती आणि एका कोपऱ्यात पंख्याची सावली. चित्रं चांगली होती हो. पण ती पाहिली कुणी?

सादरीकरणाचा व्हिडिओ. फोन आडवा, स्टँडवर किंवा खुर्चीच्या पाठीवर स्थिर. कापाकापी नाही, मागे दुसरं संगीत नाही, फिल्टर नाही. सुरुवातीला नाव, तारीख आणि काय सादर करता ते बोला. पाच मिनिटांचा एक सलग व्हिडिओ वीस रील्सपेक्षा जास्त सांगतो, कारण रीलमध्ये चूक लपते आणि समितीला ते ठाऊक असतं.

कागद. निमंत्रणपत्रिका, कार्यक्रमपत्रिका, बातमीचं कात्रण. कात्रणावर वर्तमानपत्राचं नाव आणि तारीख दिसली पाहिजे. गणेशोत्सवातल्या स्पर्धेचं प्रमाणपत्रसुद्धा टाका.

गुरूंचं पत्र. कधीपासून कधीपर्यंत शिकलात, आठवड्यातून किती वेळा, काय शिकलात. पत्र आजच मागा. सर किंवा ताई खुशीत असताना मागा, अर्जाच्या आदल्या रात्री अकरा वाजता फोन करू नका.

शेवटी दोनशे शब्दांत स्वतःच्या कामाबद्दल. "मला लहानपणापासून चित्रकलेची आवड आहे" हे वाक्य खोडा, ते प्रत्येकाच्या अर्जात असतं. त्याऐवजी लिहा: "मी बेलपाड्यातल्या जुन्या घरांच्या ओट्यांची चित्रं काढते. गेल्या दोन वर्षांत मी काढलेल्या घरांपैकी तीन आता उभी नाहीत." दुसरं वाचणारा माणूस थांबतो. त्याला कळतं की तुम्ही काय बघता आणि ते आत्ताच का बघायला हवं.

बजेटला लाजू नका

अनुदानाच्या अर्जात बजेट मागतात. तिथे आपले लोक दोन चुका करतात. एक, स्वतःचं मानधन लिहीत नाहीत. "मी तर आवडीने करतोय" म्हणतात. समितीला ते त्याग वाटत नाही, त्यांना शंका येते की हा दोन वर्षं जगणार कशावर. दुसरी चूक, सगळा आकडा एका ओळीत, 'इतर खर्च' म्हणून.

समजा तुम्हाला आगरी लग्नातल्या धवल्याच्या गाण्यांचं ध्वनिमुद्रण करायचं आहे. आपल्या गावांत हळदीला आणि लग्नाला धवलारीण गाते, ती गाणी पुस्तकात बघून गात नाहीत, ती तिच्या तोंडात असतात. तर बजेटमध्ये पहिली ओळ कुठली? गाणाऱ्या बायकांचं मानधन. मग तुमचं मानधन, प्रवास, मायक्रोफोनचं भाडं, गाणी उतरवून घेण्याचा खर्च, हार्ड डिस्क. शेवटी अचानक येणाऱ्या खर्चासाठी थोडी रक्कम. प्रत्येक आकड्यापुढे तो कसा आला ते लिहा: इतके दिवस, इतकी माणसं, दिवसाला इतके. असा हिशेब दिसला की समितीला विश्वास वाटतो.

आणि मुद्रण करण्याआधी आजीला विचारा. हे कुठे वापरणार, कोण ऐकणार, सांगा. तिचा होकारही रेकॉर्ड करा. गाणं तिचं आहे, फोन आपला असला म्हणून ते आपलं होत नाही.

सावध कुठे राहायचं

एक तासात व्हॉट्सअॅपवर तीन पोस्टर येतात: 'आंतरराष्ट्रीय कला पुरस्कार, निवड झाल्याबद्दल अभिनंदन, एवढी रक्कम भरा.' मंडळी, तुम्ही अर्ज न करता निवड झाली असेल तर तुमची निवड ग्राहक म्हणून झाली आहे.

प्रवेश शुल्क असलं म्हणजे फसवणूकच, असं नाही. जुन्या प्रतिष्ठित प्रदर्शनांनाही शुल्क असतं. तीन प्रश्न विचारा. मागच्या वर्षी परीक्षक कोण होते? निवडलेली कामं कुठे लावली होती? ज्यांना बक्षीस मिळालं त्यांच्याशी बोलता येईल का? तिन्ही उत्तरं मिळाली तर पैसे भरा. फक्त ट्रॉफीचा फोटो मिळाला तर नंबर ब्लॉक करा.

या रविवारी

रविवारी दोन तास काढा. पहिला तास स्वतःच्या फोल्डरसाठी. दुसरा तास घरातल्या किंवा गल्लीतल्या एका मोठ्या माणसासाठी. भजनात पखवाज वाजवणारे काका, हळदीला गाणारी आजी, गणपतीची मखरं करणारे मामा, कुणीही. त्यांच्या जुन्या पत्रिका, फोटो, प्रमाणपत्रं ट्रंकेतून बाहेर काढा, उन्हात ठेवून फोटो काढा, तारखा विचारून लिहून घ्या. 'पहिल्यांदा कुठे गायलात?' इथून सुरुवात करा, ते पुढे बोलतच राहतील. मानधनाच्या अटीत ते बसतील किंवा नाही, पण पंधरा वर्षांचं काम पंधरा फोटोंत तरी कुणीतरी जमवलेलं असेल. हे काम त्यांना जमणार नाही. तुम्हाला जमेल, कारण ते तुमच्या हातातल्या फोनचंच काम आहे.

आणि आपली ती श्रोती? काल तिचा मेसेज आला. तिने प्रकल्पासाठी विषय निवडलाय: बाहेरून येऊन खारघरमध्ये स्थायिक झालेल्या घरांतल्या मुली नाच शिकायला का येतात आणि दहावीला का सोडतात. ती स्वतः शिकवते, म्हणजे प्रश्न रोज तिच्या समोर उभा आहे. आता ती गुरूंचं पत्र आणायला निघाली आहे. जाहिरात अजून निघालेली नाही. फाइल मात्र तयार होते आहे, आणि या वेळी तिच्याकडे पंधरा वर्षं आहेत.

तुमचं फोल्डर झालं की त्याचा स्क्रीनशॉट पाठवा. पुढच्या भागात दोन-तीन जणांची दोनशे शब्दांची टिपणं आपण मिळून दुरुस्त करू, नावं न सांगता. तोवर, भेटू. आणि ते रिमाइंडर लावायला विसरू नका.